किल्लेकोटाची सक्ती कशासाठी?

बुद्धिबळाच्या शिकवणीवर्गांत आणि नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत काही वाक्ये आता सुभाषितांच्या पदवीस पोहोचली आहेत. 'पहिल्या दहा खेळींच्या आत किल्लेकोट झालाच पाहिजे.' 'एक मोहरा दोनदा हलवूच नये.' 'प्रमाण ओपनिंग पाठ असल्याशिवाय स्पर्धेत उतरूच नये.' ही वाक्ये खोटी आहेत असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप त्यांतल्या 'च' या एका अक्षराला आहे. अनुभवातून निघालेला सल्ला या अक्षराने आज्ञा होतो, आणि आज्ञा झाली की तिच्यामागचे कारण विचारण्याची सोय उरत नाही.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, ही बुद्धिबळातील एकमेव खेळी आहे जिच्यात एका वेळी दोन मोहरे हलतात. राजा दोन घरे सरकून कोपऱ्याच्या दिशेने जातो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येऊन मधल्या पट्ट्यांकडे तोंड करतो. एका खेळीत संरक्षणही साधते आणि हत्तीही लढाईत उतरतो. ते न करणाऱ्याचे काय होते हे पॉल मॉर्फीने १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात ड्यूक ऑफ ब्रन्स्विक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध दाखवून दिले. काळ्याचा राजा मध्यभागीच अडकला. मॉर्फीने बाराव्या खेळीला वजिराच्या बाजूस किल्लेकोट केला. त्याने त्याचा हत्ती थेट डी पट्टीवर आला आणि सतराव्या खेळीला मात झाली. हा डाव प्रत्येक वर्गात दाखवला जातो आणि तो दाखवावाच.

परंतु या डावातून नेमके काय शिकायचे? काळ्याचा राजा मध्यभागी होता म्हणून तो मेला, हे अर्धे सत्य. मध्यभाग उघडला होता, काळ्याचे मोहरे घरातच बसले होते आणि मॉर्फीचा जवळजवळ प्रत्येक मोहरा कामाला लागला होता, हे उरलेले अर्धे. वर्गात पहिले अर्धे पाठ होते आणि दुसरे विसरले जाते. मॉर्फीने स्वतःचा किल्लेकोट तरी दहाव्या खेळीच्या आत कुठे केला? जेव्हा त्या खेळीने आक्रमणाला बळ मिळणार होते तेव्हाच त्याने ती केली. ज्या डावाचा दाखला 'लवकर किल्लेकोट करा' म्हणून दिला जातो, तो डाव वस्तुतः 'योग्य वेळी किल्लेकोट करा' असे सांगतो.

आता याच्या उलट बाजूचा एक डाव पाहू. १९१२ साली लंडनमध्ये एडवर्ड लास्कर आणि जॉर्ज थॉमस यांच्यात तो झाला. थॉमसने काळ्या मोहऱ्यांनी आठव्या खेळीला, अगदी पुस्तकी वेळापत्रकानुसार, किल्लेकोट केला. अकराव्या खेळीला लास्करने एच-७ वर वजिराचा बळी दिला आणि काळ्याचा राजा त्याच्या किल्ल्यातून अक्षरशः ओढून काढला. शहामागून शह खात तो राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला, जी-१ या घरापर्यंत गेला. पांढऱ्याने राजाच्या बाजूस किल्लेकोट केला असता तर त्याचा राजा ज्या घरात विसावला असता, तेच हे घर. अठराव्या खेळीला तिथे मात झाली. ती देणारी खेळीही राजाचीच: लास्करचा तोवर न हललेला राजा ई-१ वरून डी-२ वर आला आणि मागच्या हत्तीचा शह उघडा पडला. त्या क्षणी किल्लेकोट करूनही मात होत होती. लास्करने राजा पुढे सरकवला. थॉमस किल्लेकोटामुळे हरला असे आम्ही म्हणणार नाही. पण किल्लेकोट केला म्हणजे राजा सुरक्षित झाला, हे समीकरण या डावाने कायमचे मोडले आहे.

एखादा डाव अपवाद म्हणून सोडून देता येईल. म्हणून थोडे अधिक भक्कम दाखले घेऊ. विल्हेल्म स्टाइनिट्झ हा पहिला अधिकृत विश्वविजेता. १८८६ च्या त्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतील शेवटच्या डावात त्याने स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा गॅम्बिट खेळला. त्यात वजिराचा शह आला की पांढऱ्याचा राजा ई-२ वर येतो आणि किल्लेकोटाचा हक्क तिथेच संपतो. स्टाइनिट्झने सहाव्या खेळीला हे पत्करले आणि झुकेरटॉर्टविरुद्धचा तो डाव १९ खेळींत जिंकला. राजा हा केवळ जपून ठेवायचा ठेवा नसून लढणारा मोहराही आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. ते प्रत्येक स्थितीत खरे ठरत नाही; पण ते प्रतिपादन होते, त्यामागे विचार होता.

दुसरा दाखला आपल्या काळातला. २००० साली लंडनमध्ये व्लादिमिर क्रामनिकने गॅरी कास्पारोव्हकडून विश्वविजेतेपद साडेआठ विरुद्ध साडेसहा गुणांनी हिरावून घेतले. त्या लढतीत कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. क्रामनिकचे मुख्य शस्त्र होते बर्लिन बचाव. त्याच्या मुख्य शाखेत आठव्या खेळीला वजिरांची मारामारी होते, काळ्याचा राजा डी-८ वर वजीर मारतो आणि किल्लेकोटाला मुकतो. आठव्या खेळीत राजा उघड्यावर! वर्गातल्या वहीत याला तांबडी फुली मिळाली असती. पण वजीरच पटावर नसतील तर राजावर हल्ला करणार कोण? वजीर गेले की मध्यभागातला राजा ओझे न राहता उपयोगी पडतो, कारण डावाच्या अखेरीस त्यालाच पुढे यायचे असते. किल्लेकोट हे एका प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्नच उरला नसेल तर उत्तराचा हट्ट कशाला?

शिवाय किल्लेकोट हा बुद्धिबळाचा सनातन धर्म नव्हे. युरोपातही त्याचे रूप शतकानुशतके बदलत आले. इटलीत तर राजा आणि हत्ती यांच्या जागा निवडण्याची मोकळीक देणारा वेगळा प्रकार एकोणिसाव्या शतकातही रूढ होता. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्रांतोप्रांती भेद असले तरी प्यादे एकेक घरच चाले आणि आजचा किल्लेकोट नव्हता. बऱ्याच ठिकाणी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असे. या पद्धतीत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान १९२९ मध्ये इंग्लंडला गेला, त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला, पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा झाला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. ओपनिंगच्या ज्ञानात तो तोकडा होता आणि त्याची किंमत त्याने मोजली, हे मान्यच आहे. पण पाठांतराशिवाय विचार किती दूर नेऊ शकतो याचे त्याच्याइतके लखलखीत उदाहरण दुसरे नाही. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

प्रमाण ओपनिंगांची गोष्टही अशीच. ज्याला आपण आज प्रमाण म्हणतो, ते काल कोणीतरी केलेले धाडस असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनशी खेळत तेव्हा ते मध्यभाग प्रतिस्पर्ध्याला देऊन उंट कोपऱ्याच्या कर्णावर बसवीत. एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांच्या खेळात वाढलेल्या माणसाला ती रचना स्वाभाविक होती. युरोपीय डोळ्यांना विचित्र वाटणाऱ्या त्या मांडणीचेच वंशज आज 'इंडियन' बचाव म्हणून पुस्तकांची कपाटे अडवून बसले आहेत. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड रेटीने मध्यभाग प्याद्यांनी न व्यापता कापाब्लांकाला आठ वर्षांतला पहिला पराभव दिला. तीही आता 'रेटी ओपनिंग' आहे. आणि १९८० साली स्कारा येथे टोनी माइल्सने तत्कालीन विश्वविजेत्या कार्पोव्हच्या राजापुढील प्याद्याच्या खेळीला ए-६ हे कडेचे प्यादे हलवून उत्तर दिले आणि डाव जिंकला. ए-६ ही थोर खेळी आहे असे यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की पहिल्या खेळीत पुस्तक मिटले तरी बुद्धिबळ संपत नाही. उलट तिथेच सुरू होते.

पाठांतराची दुसरी टोकाची परिणती उच्च पातळीवर दिसते. २०१८ च्या कार्लसन-कारुआना लढतीतील बाराच्या बारा नियमित डाव बरोबरीत सुटले. विजेता ठरला तो जलद डावांत. बॉबी फिशरने १९९६ मध्येच मागच्या रांगेतील मोहरे ९६० प्रकारे मांडण्याची पद्धत जाहीर केली होती. पण ध्यानात घ्यावे, ओपनिंगची पुस्तके निकालात काढणाऱ्या फिशरने किल्लेकोट मात्र ठेवला. क्रामनिकने याच्या उलट, २०१९ च्या अखेरीस, किल्लेकोटच नियमातून काढून पाहावा असे सुचवले. २०२१ मध्ये डॉर्टमुंडला त्या नियमाने झालेल्या लढतीत आनंदने त्याला अडीच विरुद्ध दीड गुणांनी हरवले. आम्हांला यांपैकी कोणताही कायदा नको आहे. किल्लेकोट सक्तीने करायला लावणे आणि सक्तीने काढून घेणे, दोन्हींत निवडीचा क्षण हरवतो, आणि आमच्या दृष्टीने खेळाचा प्राण त्या क्षणात आहे.

इथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. नियम मोडला म्हणजे विचार केला, असे आम्ही मानत नाही. मार्च २०२१ मध्ये कार्लसन आणि नाकामुरा यांनी एका ऑनलाइन डावात दुसऱ्याच खेळीला आपापले राजे पुढे काढले आणि लगेच बरोबरी करून टाकली. ती गंमत होती. तिचे अनुकरण करून हरणाऱ्या मुलांनी तिला तत्त्वज्ञान समजू नये. वृत्त ज्याला येते त्याचाच मुक्तछंद ऐकण्यासारखा असतो, हे मराठीच्या अध्यापकांना कोणी वेगळे सांगायला नको. पण ज्याला केवळ लघु-गुरू मोजता येतात तोही कवी नव्हे, हेही तितकेच खरे.

प्रश्न शेवटी शिकवण्याचा आहे, आणि म्हणूनच आम्ही, ज्यांचे आयुष्य वर्गात गेले, या वादात पडलो आहोत. आमच्या एका विद्यार्थिनीने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक सुरेख डाव जिंकला. नवव्या खेळीला वजीर पटावरून गेले होते, मध्यभाग प्याद्यांनी बंद झाला होता; तिने राजा ई-२ वर आणून दोन्ही हत्ती जोडले आणि संथपणे डाव ओढून नेला. प्रशिक्षकांनी तिच्या डावपत्रिकेवर तांबड्या शाईत दोनच शब्द लिहिले: 'किल्लेकोट नाही'. तिने राजा ई-२ वर का ठेवला, हे तिला विचारण्यात आले नाही. पुढच्या स्पर्धेत ती वेळेवर किल्लेकोट करू लागली. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, तसंच करायचं असतं."

'तसंच करायचं असतं' हे वाक्य आम्ही दरवर्षी उत्तरपत्रिकांतही वाचतो, फक्त वेगळ्या रूपात. कादंबरीवरील प्रत्येक उत्तर त्याच प्रस्तावनेने सुरू होते, त्याच चार वैशिष्ट्यांतून जाते आणि त्याच समारोपाला पोहोचते; कादंबरी मात्र वाचलेली नसते. दोन्ही ठिकाणी रोग एकच आहे: कारणाशिवाय दिलेले उत्तर.

उपाय अवघड नाही. नवशिक्याला किल्लेकोट जरूर शिकवावा, तो बहुतेक डावांत करावा हेही सांगावे. मात्र त्याबरोबर तीन प्रश्न द्यावेत: मध्यभाग उघडणार आहे की बंद राहणार? वजीर पटावर आहेत का? प्रतिस्पर्ध्याचे मोहरे कोणत्या बाजूला रोखले आहेत? ओपनिंगही शिकवावे, पण प्रत्येक खेळीपुढे तिचे कारण मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे. जिथे कारण सापडणार नाही तिथे थांबून वाद घालावा. चार ओपनिंगे कमी पाठ झाली तरी चालतील.

असो. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी अवश्य खंडन करावे. आमच्या दाखल्यांना प्रतिदाखले द्यावेत. फक्त 'शास्त्रच तसे सांगते' एवढ्यावर थांबू नये. शास्त्रही कधीतरी कोणीतरी विचार करूनच लिहिलेले असते.