विश्लेषण : नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटातली वाइन आणि दुकानातली बिअर खरंच खराब होते का?

नाशिकला फिरायला गेलेली मंडळी वाइनच्या दोन बाटल्या घेतात, समृद्धी महामार्गाने नागपूर गाठतात. एक बाटली लगेच संपते, दुसरी ‘लग्नाच्या वाढदिवसाला उघडू’ म्हणून कपाटात जाते. मध्ये एक उन्हाळा सरतो. डिसेंबरमध्ये बाटली उघडली, की रंग तपकिरी, वास शिजलेल्या फळांसारखा आणि चव सपक. हजारेक रुपये पाण्यात. दोष कंपनीचा, दुकानदाराचा, की नागपूरच्या मे महिन्याचा?

नागपूरचे तापमान किती अडचणीचे?

वाइन दीर्घकाळ ठेवण्यासाठी साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. नागपुरात मे महिन्यात कमाल तापमान सरासरी ४२ अंशांच्या वर असते, किमान २८च्या आसपास. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. हिवाळ्यात पारा दुसऱ्या टोकाला जातो. २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

बाटलीच्या दृष्टीने दुपारच्या विक्रमापेक्षा रात्र महत्त्वाची असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत, त्यातही माळ्यावर, बाटलीला गार व्हायला वेळच मिळत नाही. नवतपाच्या दिवसांत तर कूलर लावलेल्या खोलीतही वाइनला हवा तसा गारवा नसतो.

बाटलीच्या आत नेमके काय होते?

वाइन बाटलीत भरल्यावरही तिच्यात रासायनिक क्रिया मंदपणे सुरू असतात. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे १० अंशांवर आठ महिन्यांत होणारा बदल ४० अंशांवर एका महिन्यात होऊ शकतो. पण ही वाढ ‘लवकर मुरली’ अशी नसते. सगळ्या क्रिया एकाच प्रमाणात वेगवान होत नाहीत. फळांचा ताजा सुवास आधी उडतो आणि टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड लवकर संपतो. त्यानंतर ऑक्सिजनला रान मोकळे मिळते. पांढरी वाइन तपकिरी होते, लाल वाइनला मुरांब्यासारखा वास येतो.

दुसरा परिणाम भौतिक आहे. २० अंशांवरून ४० अंशांवर गेल्यास ७५० मिलिलिटर वाइन साधारण पाच मिलिलिटरने फुगते. बूच लावलेल्या बाटलीच्या मानेत रिकामी जागा जवळपास तेवढीच असते. मग आतली हवा दाबली जाते आणि बूच वर सरकते किंवा कडेने वाइन झिरपते. रात्री वाइन आकसली की बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. बूच किंचित वर आलेले किंवा मानेभोवती चिकट डाग दिसले, तर बाटली तापून गेली आहे असे समजावे. स्क्रू कॅपच्या बाटलीत हा धोका कमी असतो, पण आतल्या रासायनिक क्रिया तिथेही थांबत नाहीत.

बिअरचे गणित वेगळे कसे?

बिअर मुरवण्यासाठी नसते, ती जितकी ताजी तितकी चांगली. उष्णतेत तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. या चवीला प्रामुख्याने ‘ट्रान्स-२-नोनेनाल’ हे संयुग जबाबदार धरले जाते. शिवाय तापमान वाढले की कार्बन डायऑक्साइड द्रवातून बाहेर पडू पाहतो. फ्रिजमधल्या बिअरच्या बाटलीत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो, तो ४० अंशांवर तिप्पट-चौपट होतो. म्हणूनच उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बिअरचा खोका ठेवणे ही फक्त चवीची जोखीम नाही.

इथे एक रास्त शंका येते. बाटलीबंद बिअर कारखान्यात पाश्चरायझेशनसाठी ६० अंशांपर्यंत तापवतात, मग ४२ अंशांचे काय एवढे? फरक वेळेचा आहे. कारखान्यात ते तापमान काही मिनिटेच असते. वरच्या ढोबळ नियमाने ६० अंशांवरची २० मिनिटे म्हणजे ४० अंशांवरची ८० मिनिटे. गोदामात बिअर त्या उष्णतेत आठवडेच्या आठवडे असते.

प्रकाश हा तिसरा शत्रू. हॉप्समधले घटक प्रकाशात तुटतात आणि उग्र दुर्गंधी असलेले गंधकाचे संयुग तयार होते. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारसा नाही.

थंड केलेली बिअर बाहेर काढली की वाया जाते का?

हा समज जवळपास प्रत्येक मित्रमंडळात ऐकू येतो. फ्रिजमधली बिअर काही तास बाहेर राहिली आणि पुन्हा आत गेली, म्हणून ती खराब होत नाही. एकूण किती तास, किती तापमानात गेले, त्याचा हिशेब महत्त्वाचा. खरे नुकसान फ्रीजरमध्ये विसरलेल्या बाटलीचे होते. बिअर उणे दोन-तीन आणि वाइन उणे पाच-सहा अंशांच्या आसपास गोठू लागते. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि काच फुटते.

मुद्दाम तापवलेली वाइनही असते ना?

असते. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाइन जुन्या काळी जहाजांतून उष्ण कटिबंध पार करताना तापायची आणि तिची ती चव लोकांना आवडली. आजही तिचा एक प्रकार ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने ठेवतात. आपला एप्रिल-मे त्याच्या जवळ जातो! पण मदेरामध्ये वरून द्राक्षांचे मद्यार्क मिसळलेले असते आणि ती याच पद्धतीसाठी बनवलेली असते. साध्या वाइनला हा प्रयोग सोसत नाही.

अशी वाइन पिणे धोक्याचे आहे का?

तापलेली वाइन विषारी होत नाही, पण निव्वळ चवीचा प्रश्न म्हणूनही तो सोडता येत नाही. वाइनमधला युरिया आणि अल्कोहोल यांच्यापासून इथाइल कार्बामेट तयार होते आणि साठवणुकीचे तापमान वाढले की त्याचे प्रमाणही वाढते. हे संयुग माणसात ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात मोडते. कॅनडाने टेबल वाइनमध्ये त्यासाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. अर्थात मोठा धोका अल्कोहोलचाच. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

ग्राहकाला हे कळणार कसे?

बिअरवर उत्पादनाची तारीख आणि मुदत असते. १० टक्के किंवा अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांवर मुदत छापण्याची सक्ती नाही, त्यामुळे बहुतेक वाइन त्यातून सुटतात. लेबलवर तारीख असली तरी बाटली कुठे, किती तापली हे ती सांगत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीचा निर्णय घेतला. वाद रंगला तो नैतिकतेवर आणि शेतकऱ्यांच्या फायद्यावर, आणि विरोधानंतर निर्णय मागे पडला. बाटली दुकानात कोणत्या तापमानाला ठेवावी, हा प्रश्न मात्र ग्राहकापुढे आजही तसाच आहे.

काय करता येईल?

खरेदी करताना शोकेसमधली, उन्हाकडे तोंड असलेली बाटली घेऊ नका. बिअरची तारीख पाहा, शक्यतो कूलरमधलीच मागा. मेमध्ये बाहेरगावाहून वाइन आणायची असेल, तर डिकीऐवजी एसी सुरू असलेल्या गाडीत आणि चहा-जेवणाला थांबताना सावलीत ठेवा. घरी माळा, फ्रिजचा माथा, स्वयंपाकघर आणि पश्चिमेची भिंत टाळा. बिअर उभी ठेवा, बुचाची वाइन आडवी. वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल, तर घरच्या फ्रिजचा भाजीचा कप्पा ४० अंशांच्या कपाटापेक्षा कितीतरी बरा. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वाढदिवस डिसेंबरमध्ये असेल, तर बाटली नोव्हेंबरमध्ये घ्या.