श्लेष आणि मासा

चिनी मातीच्या जुन्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांविषयीं लिहिणाऱ्यांनीं एक सोपी युक्ति काढिली आहे. मासा दिसला कीं ‘विपुलता’, वटवाघूळ दिसलें कीं ‘भाग्य’, हरिण दिसलें कीं ‘दरबारचें वेतन’, असा कोश उघडावयाचा आणि चित्र समजलें म्हणून पुढच्या कपाटाकडे वळावयाचें! चिनी भाषेंत मासा आणि विपुलता या दोहोंचा उच्चार ‘यू’ असाच होतो, वटवाघूळ आणि भाग्य दोन्ही ‘फू’च, हें सर्व खरें. परंतु श्लेष उकलला म्हणजे रसग्रहण झालें, हें कोणी ठरविलें?

इराणांतील अर्दबीलच्या दर्ग्याला शहा अब्बासनें १६११ सालीं हजारांहून अधिक चिनी भांडीं अर्पण केलीं. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यांत तर त्यांची गणती दहा हजारांवर जाते. तीं हौसेनें जमविणाऱ्यांना चिनी उच्चारांची गंधवार्ता असण्याचें कारण नव्हतें. त्यांच्या कानांना तो मासा मुकाच होता. मग त्यांनीं तो एवढ्या निगुतीनें जपला कशाकरितां?

उत्तर जिंगदेझेनच्या कारागिराच्या कुंचल्यांत आहे. न भाजलेल्या, ओल शोषून घेणाऱ्या कच्च्या अंगावर तो कोबाल्टची रेघ ओढी. (चौदाव्या शतकांत हा कोबाल्ट इराणकडूनच येई, हेंही कोशवाल्यांनीं ध्यानांत घ्यावें.) ओढलेली रेघ पुसण्याची सोय नाहीं. काढतांना रंग काळपट दिसे. झिलई चढून भट्टींतून निघाल्यावरच तो निळा होई. म्हणजे शेपटीचा झोंक त्याला आधीं मनांतच निळा पाहावा लागे. एक पेला पुरा होईतों बहात्तर हातांतून जातो, असें सुंग यिंगशिंगनें १६३७ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. त्या हातांपैकीं बहुतेकांचीं नांवें आपल्यापर्यंत आलीं नाहींत. आली ती फक्त रेघ, आणि तीही आमचे पंडित पाहावयास तयार नाहींत.

नखें मोजणाऱ्यांचा पंथ याहून वाईट. पांच नखांचा ड्रॅगन बादशाही, चार नखांचा दुय्यम! ब्रिटिश म्यूझियममधील डेव्हिड यांच्या संग्रहांतली ती प्रसिद्ध फुलदाण्यांची जोडी पाहावी. झांग वेनजिन नांवाच्या भाविकानें ती १३५१ सालीं मंदिराला वाहिली व तसा लेख तिच्या मानेवर घातला. कान हत्तीच्या मस्तकांचे, आणि अंगावरचा ड्रॅगन चार नखांचा. चौदाव्या शतकांतील निळें-पांढरें काम ओळखण्याची कसोटी या ‘दुय्यम’ जोडीवरूनच ठरली! दरबारी फर्मानापुरता नखांना मान असेल. परंतु पांचवें नख काढावयास नकली माल करणाराला एक फटकारा पुरतो. ड्रॅगनच्या अंगाचा पीळ मात्र तसा साधत नाहीं. आणि तो ज्यांना दिसत नाहीं, त्यांनीं नखें खुशाल मोजीत बसावें.