अक्काचे आधण आणि आठ रुपयांची चिप

वाचकहो, या वेळी थोडे गुळाचे आणि थोडे विजेचे बोलू. दोन्हींचा संबंध काय, असे विचाराल, तर जरा दम धरा.

माझी थोरली बहीण महालिंगपूरकडे दिलेली. घरचे गुऱ्हाळ आहे. भाचा माझ्याशी अर्धे मराठी, अर्धे कानडी बोलतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. त्यांच्याकडचा गुळव्या तीस-पस्तीस वर्षांपासूनचा. काहिलीतला रस उकळून घट्ट होत आला की तो पळीभर पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि ओरडतो, ‘पाक बंतु!’ मग काहील उतरते. पण गेल्या दोन वर्षांत त्याला मोतीबिंदूमुळे नीट दिसेना. भाचा म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही एवढी वर्षं पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंत. पाकाची उष्णता दाखवणारा एक मीटर करून द्या की.’’

गूळ उतरतो तो ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास. दोन-तीन अंश अलीकडे उतरला तर ढेप बसत नाही, पुढे गेला तर करपतो. पाकात बुडवायला मी के जातीचा थर्मोकपल घेतला. हा म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या. टोक तापले की तारांत किंचित दाब तयार होतो, अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग! एवढासा दाब मोठा करून दाखवण्याचे काम ऑप-ॲम्प नावाची चिप करते.

मी घरात पडलेली एलएम३५८ लावली. आठ रुपयांची, बाजारात कुठेही मिळणारी. उकळत्या पाण्यात धरून आकडा जुळवला. आपले बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, त्यामुळे इथे पाणी शंभराला नव्हे, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळते, हेही ध्यानात ठेवले. सगळे ठीक दिसले.

सकाळचे आधण छान उतरले. दुपारी मीटर ११८ म्हणाला, भाच्याने काहील उतरवली. गुळव्या मात्र पुटपुटला, ‘‘इन्नू आगिल्ल.’’ अजून झाले नाही. त्याचे कुणी ऐकले नाही. संध्याकाळपर्यंत गूळ बसलाच नाही, नुसता चिकट राहिला. एका आधणाचा ऊस, सरपण आणि माणसांची मजुरी पाण्यात गेली. अक्का मला काही बोलली नाही. तेच जास्त लागले.

चूक कुठे झाली? तारांचे दुसरे टोक खोक्यात असते, त्याचेही तापमान मोजून मिळवावे लागते. त्यासाठी एलएम३५ लावला होता, तो बरोबर निघाला. दोष आठ रुपयांच्या चिपचा होता. खरे तर तिचा नव्हे, ती निवडणाऱ्या माझा.

कोणत्याही ऑप-ॲम्पमध्ये आत येतानाच थोडा खोटा दाब मिसळलेला असतो. त्याला ऑफसेट म्हणतात. एलएम३५८ मध्ये तो साधारण २ मिलिव्होल्ट, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ ५० अंशांची चूक! ती मी सकाळी स्क्रू फिरवून काढून टाकली होती. पण हा खोटा दाब चिप तापली की बदलतो, अंशामागे साधारण ७ मायक्रोव्होल्ट. चुलवाणाजवळचे खोके दुपारपर्यंत २० अंशांनी तापले. सात विसे एकशे चाळीस मायक्रोव्होल्ट, म्हणजे साडेतीन अंश जास्तीचे. मीटर ११८ म्हणत होता तेव्हा पाक ११५ च्याही खाली होता. ऑफसेट स्क्रूने काढता येतो, उष्णतेने होणारे हे सरकणे एका स्क्रूने जात नाही.

मग महागडी चिप घ्यायची का? गरज नाही. १९७० च्या दशकातली ओपी०७ ही जुनीजाणती चिप आजही मिळते. तिच्या सी प्रतीत ऑफसेट साधारण ६०, जास्तीत जास्त १५० मायक्रोव्होल्ट, आणि सरकणे अंशामागे साधारण अर्धा मायक्रोव्होल्ट. म्हणजे तेच खोके तितकेच तापले तरी चूक पाव अंशाची.

एका दुकानातून पाच आणल्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून खूश होतो. घरी येऊन तपासल्या तर त्यातल्या तीन भलत्याच! नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसल्यावर वरचा छापही निघून आला. आतून बहुधा ७४१ सारखी साधी चिप होती. म्हणून वाचकहो, स्वस्त घ्या पण तपासून घ्या. तपासणी सोपी आहे. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेऊन अधिक-उणे पुरवठा करा. चिपचे अधिक इनपुट बॅटऱ्यांच्या मधल्या जोडाला लावा. उणे इनपुटपासून त्याच जोडापर्यंत १०० ओहमचा रेझिस्टर, आणि आउटपुटपासून उणे इनपुटपर्यंत १०० किलोओहमचा. आता खोटा दाब हजारपट होऊन बाहेर येतो. साध्या मल्टिमीटरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मायक्रोव्होल्ट त्या चिपचे चुकते. ओपी०७ सी असेल तर आकडा दीडशेच्या आत हवा. माझ्या तीन चिपांनी एक व्होल्टच्या वर दाखवले! शेवटी चिपवर बोट टेकवा. आकडा पळू लागला तर ती चिप बाजूला ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. ३५८ च्या पोटात दोन ऑप-ॲम्प असतात, ओपी०७ मध्ये एकच, त्यामुळे एक काढून दुसरी तशीच बसत नाही. ७४१ च्या जागी ती बसते, पण ७४१ चा जुळवणीचा स्क्रू १ आणि ५ नंबरच्या पायांवर असतो, ओपी०७ चा १ आणि ८ वर. तेव्हा जुना स्क्रू आधी काढा. याहून अचूक हवी असेल तर स्वतःची चूक स्वतःच सतत सुधारणाऱ्या ओपीए३३३ सारख्या चिपा आहेत, ऑफसेट १० मायक्रोव्होल्टच्या आत. पण त्या फार चिमुकल्या, पुरवठा साडेपाच व्होल्टपर्यंतच चालतो आणि हाताने डाग देणे माझ्या वयाला जमत नाही.

पाचातल्या दोन खऱ्या निघाल्या. एक मीटरमध्ये बसवली, दुसरी अक्काच्या कपाटात जपून ठेवली. खोके चुलवाणापासून लांब भिंतीला नेले. आणि भाच्याला सांगितले, पहिला महिनाभर मीटर बोलला तरी काहील उतरवायची नाही, गुळव्याने हाक दिली की वहीत आकडा लिहायचा.

वही भरली. आकडे ११७ ते ११९ च्या आत. मी ते वाचून दाखवले, तर गुळव्या हसून म्हणाला, ‘‘सर, तुमच्या मिशनला आता गूळ कळायला लागला.’’

पुढच्या महिन्यात त्याच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. पंधरा दिवस तो गुऱ्हाळावर नसेल. या वेळी अक्का निवांत आहे, आणि मीही.