राखेखालचा निखारा

कचऱ्याच्या ढिगातून धूर निघू लागला की, ‘कोणीतरी काडी लावली’ असे म्हणून समाज मोकळा होतो. संशय बहुधा कचरा वेचून पोट भरणाऱ्या बांधवांवरच येतो. काही आगी माणूस लावतो, हे खरेच; परंतु ढिगाच्या पोटात दिवसेंदिवस धुमसणाऱ्या आगीचे इंधन आपल्याच घरातून गेलेले असते.

उकिरडा उपसणाऱ्या शेतकऱ्याला त्यातील ऊब परिचित असते. ओला कचरा कुजताना उष्णता निर्माण होते. ढीग उंच असेल तर ती आतच कोंडते. जिथे हवा पोहोचत नाही, त्या थरांत मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. ढीग नीट दाबलेला नसेल, वर मातीचा थर नसेल, तर फटींतून प्राणवायू शिरतो आणि कागद, कापड, प्लास्टिक ज्वाळेविना जळू लागते. टाकून दिलेल्या बॅटऱ्या व गरम राख त्यात भर घालतात. वरून मारलेले पाणी खोलवर पोहोचत नाही; ढीग उकरावा, तर नवी हवा मिळून आग भडकते.

१९२७ पासून कचरा साठवणाऱ्या मुंबईच्या देवनारमध्ये जानेवारी २०१६च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनीही टिपला. मार्च २०२३मध्ये कोचीतील ब्रह्मपुरमने तोच अनुभव घेतला. पुण्याच्या कचऱ्याचे दुःख फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसले.

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड यांनी यातून वेळीच बोध घ्यावा. रांजणगाव व कुरकुंभच्या उद्योगांमुळे या तालुक्यांत वस्ती वाढली, तसा कचराही वाढला. मात्र भोवती अजून शेती आहे. ओल्या कचऱ्याचे खत मुरवायला जमीन आहे. महानगरांना हे भाग्य नाही.

कचऱ्याचे वर्गीकरण २०१६च्या नियमांनीच बंधनकारक केले. नगरपरिषदांनी वेगवेगळा गोळा केलेला कचरा पुन्हा एकत्र करू नये, ढिगांवर मातीचा थर द्यावा. हे त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु पहिली विभागणी स्वयंपाकघरातच व्हायला हवी. अग्नीला देवता मानणाऱ्या समाजाने त्याच्या मुखी विषारी आहुती द्यावी, हे शोभणारे नाही. राष्ट्रभक्तीची परीक्षा सीमेवर होते, तशी ती दारातल्या दोन डब्यांपाशीही होते. कार्यकर्त्यांनी आरंभ स्वतःच्या घरापासून करावा, मग वस्तीत जावे.