‘सर्व धर्मांचे एकमत’ आहे कुठे?

गर्भ राहिल्या क्षणापासून माणूस असतो यावर सर्व धर्मांचे एकमत आहे, म्हणून गर्भपाताचा कायदा अधर्म आहे, असे एका वाचकाने लिहिले आहे. त्यांची कळकळ खरी आहे, विधान मात्र खरे नाही.

कॅथलिक चर्च गर्भधारणेपासूनच जीव मानते. चरकसंहिताही शुक्र-शोणिताच्या संयोगातच आत्म्याचा प्रवेश सांगते. पण गर्भोपनिषदानुसार जीव येतो सातव्या महिन्यात! आमच्या खेडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या मुसलमानांच्या धर्मशास्त्रात 120 दिवसांनी रूह येते, हे मत प्रचलित आहे. एका धर्माच्या आतही जिथे एकवाक्यता नाही, तिथे सर्वांच्या नावाने निकाल कसा द्यायचा?

गर्भपाताचा 1971 चा कायदा या वादात पडलाच नाही. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, म्हणून तो आला. 2008 मध्ये निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात दोष आढळला, तेव्हा कायद्याची 20 आठवड्यांची मर्यादा उलटली होती. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. 2021 च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ 24 आठवड्यांनंतरही परवानगी देऊ शकते. अशी व्यंगे बहुधा 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीतच कळतात, आणि डोंगरातल्या वाडीवरची बाई तिथवर उशिरा पोहोचते.

मुलगी नको म्हणून गर्भ पाडणे हे पापच, तिथे मी पत्रलेखकांच्या बाजूने आहे. पण अडलेल्या बाईला अधर्मी ठरवण्याआधी त्यांनी आपलीच शास्त्रे पुन्हा वाचावीत, ही विनंती.

— एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)