वेशीवरची पाटी आणि गाडीतील नकाशा

गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याने आम्हाला एक प्रश्न विचारला. “काका, आता प्रत्येकाच्या खिशात नकाशा आहे की. मग मराठी पाटीसाठी अजून कशाला भांडायचं?” पुतण्या पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. त्याच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच तो अधिक बोचला. हाच प्रश्न आम्ही सरकारी कचेऱ्यांत निराळ्या सुरात ऐकलेला आहे. ‘रस्ता मोबाईल दाखवतो, दोन भाषांतल्या पाट्यांनी वाहनचालकाचा गोंधळ उडतो, खर्च वाढतो,’ असे आम्हाला ऐकवले जाते. सीमाभागातील मराठी माणसाचा एक जुना हक्क यंत्राच्या नावावर खर्ची टाकण्याचा हा डाव आहे आणि त्याला उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

उत्तर आम्हाला परदेशात मिळाले, तेही भाड्याच्या मोटारीत. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेस कॅरिंथिया नावाचा प्रांत आहे. त्याच्या सीमेपलीकडे स्लोव्हेनिया आणि अलीकडच्या कित्येक खेड्यांत शतकानुशतके स्लोव्हेन बोलणारी माणसे. राज्य जर्मनभाषक, खेडे स्लोव्हेनभाषक; बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही. तेथील एका वकील स्नेह्यांनी आम्हाला घरी बोलावले होते. क्लागेनफुर्टला आम्ही मोटार भाड्याने घेतली, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना दाखवला आणि डावीकडच्या चक्रामागे, रस्त्याच्या उजव्या बाजूने, जीव मुठीत धरून निघालो. स्नेह्यांनी पत्ता आपल्या भाषेत लिहून दिला होता. गावाचे नाव होते प्लीबेर्क. गाडीतील मार्गदर्शक यंत्रात आम्ही ते नाव घातले. यंत्राने असे गाव नाही म्हणून सांगितले. दोनदा, तीनदा तेच. अखेर गाडी देणाऱ्या खिडकीवरच्या मुलीने त्याच गावाचे जर्मन नाव, ब्लायबुर्ग, घातले आणि यंत्र तत्काळ बोलू लागले.

साधारण तासाभराने आम्ही त्या गावाच्या वेशीवर पोहोचलो. तेथे पाटी होती आणि पाटीवर दोन नावे होती: वर ब्लायबुर्ग, खाली प्लीबेर्क, दोन्ही सारख्याच अक्षरांत. ज्या नावाचे गावच अस्तित्वात नाही असे यंत्र म्हणत होते, ते नाव राज्याच्या अधिकृत पाटीवर होते. त्या पाटीने आमचा गोंधळ उडाला नाही. उलट स्नेह्यांच्या हातच्या चिठ्ठीतले नाव आणि यंत्राच्या पडद्यावरचे नाव एकाच गावाचे आहे, हे आम्हाला प्रथम त्या पाटीनेच सांगितले. परक्या मुलखात, उलट्या बाजूने गाडी हाकणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचा जर गोंधळ उडत नसेल, तर आपल्या तालुक्यात जन्म काढलेल्या चालकाचा उडतो हे म्हणणे कोणी खरे मानावे?

आता त्या पाटीचा इतिहास पाहा. पहिल्या महायुद्धानंतर १० ऑक्टोबर १९२० रोजी या भागात सार्वमत झाले आणि बहुमत ऑस्ट्रियाच्या बाजूने पडले. स्लोव्हेनभाषक अल्पसंख्य म्हणून तेथेच राहिले. १५ मे १९५५ रोजी ऑस्ट्रियाचा राज्य-तह झाला. त्याच्या सातव्या कलमात स्पष्ट लिहिले गेले की, स्लोव्हेन व क्रोएट वा मिश्र वस्तीच्या भागांत स्थलनामांच्या पाट्या जर्मनबरोबरच त्यांच्या भाषेतही असतील. शब्द स्वच्छ होता. तरीही पुढची सतरा वर्षे तो कागदावरच राहिला. १९७२ साली २०५ वस्त्यांत दुभाषी पाट्या लावायला सुरुवात झाली, तेव्हा जमावांनी त्या उघडपणे उपटून काढल्या. नंतर १९७६ च्या कायद्याने अशी अट आली की, जेथे अल्पसंख्य २५ टक्के असतील तेथेच पाटी लागेल. तहात नसलेला आकडा कायद्याने आणला आणि तहातला हक्क आकड्यात बुडवला.

येथे आमच्या धंद्यातला एक माणूस पुढे आला. रुडी वोउक हे स्लोव्हेनभाषक वकील. ऑस्ट्रियात गावाच्या नावाची पाटी जेथे उभी असते, तेथून वस्तीची ताशी ५० किलोमीटरची वेगमर्यादा सुरू होते. वोउक यांनी झांक्ट कान्त्सियान या गावातून, ज्याचे स्लोव्हेन नाव श्कोत्सियान, मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गाडी नेली आणि दंड ओढवून घेतला. मग त्यांचा युक्तिवाद असा: ही पाटी केवळ जर्मनमध्ये आहे, म्हणून ती तहाप्रमाणे नाही, आणि जी पाटी कायदेशीर नाही, ती माझ्यावर वेगमर्यादा कशी लादू शकते? प्रकरण घटना-न्यायालयापर्यंत गेले. १३ डिसेंबर २००१ रोजी न्यायालयाने २५ टक्क्यांची अट घटनाबाह्य ठरवली आणि दीर्घकाळ सुमारे १० टक्के अल्पसंख्य असलेली वस्तीही मिश्र मानली पाहिजे, असे सांगितले.

निकाल लागला म्हणून पाट्या लागल्या नाहीत. प्रांताचे प्रमुख यॉर्ग हायडर यांनी २००६ मध्ये ब्लायबुर्गजवळची पाटी काही मीटर सरकवली, म्हणजे जुना आदेश नव्या जागेला लागू होऊ नये. पुढे मोठ्या जर्मन पाटीखाली स्लोव्हेनची चिमुकली पट्टी लावण्याचाही प्रयत्न झाला. तोही न्यायालयात टिकला नाही. अखेर २०११ साली तडजोड झाली आणि १६४ वस्त्यांत दुभाषी पाट्यांचा हक्क कायद्यात लिहिला गेला. १९७२ च्या २०५ पेक्षा हा आकडा कमी आहे, हे आम्ही लपवत नाही. आमच्या यजमानांनाही ती सल आहे. परंतु जे मिळाले, ते कायद्याच्या बळाने मिळाले आणि त्यासाठी ५६ वर्षे लागली.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे वळू. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह गाडीला गावाचे नाव सांगत नाहीत. ते वेळेचे संकेत धाडतात. किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीतील यंत्र आपण कोठे आहोत ते मोजते आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे काढते. त्या आकड्यांवर नाव चिकटते ते नकाशाच्या माहितीसाठ्यातून, आणि तो साठा माणसेच भरतात. माणसे नाव कोठून घेतात? सरकारी यादीतून आणि रस्त्यावरच्या पाटीवरून. जगभरचे स्वयंसेवक मिळून घडवतात त्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशाचा तर प्रघातच असा आहे की, मतभेद झाला तर जमिनीवर प्रत्यक्ष जे दिसते ते ग्राह्य धरावे. म्हणजे जो पाटी रंगवतो, तोच उद्याचा नकाशा लिहितो. यंत्रामुळे पाटीचे महत्त्व कमी झालेले नाही, ते शतपट वाढले आहे. पूर्वी पुसलेले नाव त्या रस्त्याने जाणाऱ्यालाच दिसत नसे. आज ते जगातल्या प्रत्येक पडद्यावरून पुसले जाते आणि मग एक दिवस यंत्र तुमच्या नातवाला सांगते की, असे गावच नाही.

आपल्याकडे काय घडले? राज्य पुनर्रचनेच्या वेळी १९५६ मध्ये केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात म्हटले आहे की, ज्या नगरपालिका क्षेत्रात वा तालुक्यात अल्पसंख्य १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. हे निवेदन म्हणजे अधिनियम नव्हे आणि ऑस्ट्रियाच्या तहातील त्या कलमासारखा घटनात्मक दर्जा त्याला नाही, हे वकील म्हणून आम्ही मान्य करतो. पण राज्याने दिलेले वचन म्हणून ते उभे आहेच. त्याच्यापाठी घटनेचे २९ वे कलम आहे, जे नागरिकांच्या कोणत्याही गटाला आपली भाषा व लिपी जतन करण्याचा हक्क देते. कोठल्याही कचेरीत आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडण्याची मुभा देणारे ३५० वे कलम आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. वेशीवरच्या नावाने त्या निकालाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

येथे एक भेद स्पष्ट करतो. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरील फलक हटवला गेला आणि पाठोपाठ लाठ्या पडल्या. ती जखम आम्ही विसरलेलो नाही. परंतु त्या फलकावर राज्याचे नाव होते आणि वाद राज्याचा होता. आज आम्ही जे मागतो आहोत ते त्याहून साधे आहे: गावाचे नाव, गावकरी उच्चारतात तसे, देवनागरीत, कन्नडच्या शेजारी. कन्नड पाटी काढा असे आम्ही म्हणत नाही. अक्कलकोट आणि जतच्या खेड्यांतील कन्नडभाषकांना त्यांच्या लिपीत पाटी मिळावी, हेही आम्ही त्याच तोंडाने म्हणतो. जो हक्क आपण शेजाऱ्याला नाकारतो, तो आपल्यासाठी मागता येत नाही. आणि कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीचा बाऊ करणाऱ्यांनाही सांगतो: तिने व्यापारी आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के जागा कन्नडला दिली आहे. उरलेल्या ४० टक्क्यांवर मराठी दिसत नसेल, तर तो दोष त्या कायद्याचा नाही, तो आपला आहे.

दोष आपला म्हणतो, कारण आपण हरतो आहोत ते आळसाने. दुकानाची पाटी आपणच इंग्रजीत रंगवतो. लग्नपत्रिकेवर गावाचे नाव मराठीत छापतो आणि मंडपाचा पत्ता मोबाईलवर धाडताना इंग्रजीत. मुक्त नकाशात प्रत्येक गावाला मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो भरायला कोणाची परवानगी लागत नाही. तो रिकामा असेल तर त्याचा जाब आम्ही कोणाला विचारणार?

म्हणून सीमाबांधवांना आमची विनंती आहे. प्रत्येक गावाने ग्रामपंचायतीत दुभाषी पाटीचा ठराव घ्यावा आणि ३५० व्या कलमाचा उल्लेख करून तो मराठीत तालुका कचेरीला द्यावा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. देवळाच्या पायरीवरचा शिलालेख, शाळेचे जुने दाखले, खरेदीखते, जेथे गावाचे मराठी नाव लिहिलेले सापडेल त्याची छायाचित्रे काढून जपावीत. उद्या न्यायालयात तोच पुरावा होणार आहे. आणि शाळा-महाविद्यालयातील मुलांनी एका रविवारी बसून आपल्या तालुक्यातील वाड्यावस्त्यांची नावे मुक्त नकाशात मराठीत भरावीत.

हे शेवटचे काम आम्ही पुतण्यावरच सोपवले आहे. त्याने दोन रविवारांत आमच्या पंचक्रोशीतील एकोणीस गावे भरली. परवा त्याचा फोन आला. एका वाडीचे नाव जुन्या कागदांत दोन तऱ्हांनी लिहिलेले आहे, त्यातले खरे कोणते, हे विचारायला. आम्ही त्याला सांगितले, वाडीत जा आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचार.