जुन्या पिकअपला मोठं इंजिन बसवलं तर काय होतं?

वैजापूर तालुक्यातला कांदा, मका बाजार समितीपर्यंत नेण्यासाठी पिकअप हवीच. ही गाडी जुनी झाली, भरल्या मालाने चढावर धापा टाकायला लागली, की मालकापुढे दोन पर्याय असतात. हप्त्यांवर नवी गाडी घ्यायची, नाहीतर जुन्याच चासीवर भंगार बाजारातलं मोठं इंजिन चढवायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या गाड्या महागल्या. त्यामुळे दुसरा पर्याय स्वस्त वाटतो. पण तो खरंच स्वस्त आहे का?

ही पद्धत नवी आहे का?

नाही. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये ‘हरिकेन’ हे पेट्रोल इंजिन असायचं. पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा अनेकांनी ते काढून डिझेल इंजिन बसवलं. ‘इंजिन बदललं की गाडी नवी’ हा समज तेव्हापासूनचा आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादक कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली नोंद जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवता येतं, पण अटी पाळून. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

ताकद वाढली, पण ब्रेकचं काय?

मोठं इंजिन जड असतं. त्याचं वजन पुढच्या एक्सलवर आणि पाट्यांवर येतं. वाढलेला जोर क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलला झेलावा लागतो. जुना रेडिएटर कमी पडतो. ब्रेक मात्र तेच राहतात. चढावर गाडी सहज निघते म्हणून मालही जास्त भरला जातो. पण उतारावर तेवढं वजन थांबवायची ताकद ब्रेकमध्ये आलेली नसते. आरसीवरची भारक्षमता इंजिन बदलल्याने एक किलोनेही वाढत नाही.

अपघात झाला तर?

तपासणीत इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. दुसऱ्या कुणाचा जीव गेला, तर भरपाईचा बोजा मालकावर येण्याचा धोका असतो. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पोलिसांची चौकशी वेगळीच.

मग करायचं काय?

आधी जुन्याच इंजिनचं काम करून घ्यावं. बदलणं भागच असेल, तर त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन, पक्क्या बिलासह घ्यावं. आरटीओची परवानगी आधी घ्यावी आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्यावा. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी असते, तेव्हा हा नंबर पाहिला जातो.

मोठ्या इंजिनचा खर्च गॅरेजच्या बिलात पूर्ण दिसत नाही. उरलेला हिशेब अपघातानंतर समोर येतो, आणि तो फेडता फेडता शेतही विकावं लागू शकतं.